पाचव्या घरचं पीठ

पीठ कचऱ्याच्या डब्यात होतं. माझं पीठ. ज्वारीचं.

जर्मनीत प्रत्येक कचऱ्याला वेगळा डबा. कागदाचा वेगळा, प्लॅस्टिकचा वेगळा, भाजीच्या देठासालांचा तपकिरी. मी बटाट्याची सालं टाकायला तपकिरी डब्याचं झाकण उचललं. आत केळ्याच्या साली, चहाचा चोथा, आणि त्यावर ओंजळभर पांढरं पीठ. मी टाकलेली हळदीकुंकवाची चिमूटसुद्धा त्यावर तशीच.

त्या गल्लीत ज्वारीचं पीठ दुसऱ्या कुणाकडं असणं शक्यच नव्हतं. आईनं गिरणीतून दळून आणून, पिशवीला दोन गाठी मारून, माझ्या बॅगेत कपड्यांच्या मधे घालून दिलेलं. भाकरीशिवाय अगदीच राहवेना झालं की मी त्यातलं मूठभर काढायची. तासाभरापूर्वी त्यातलंच ओंजळभर मी माईंच्या परडीत घातलं होतं. जोगवा म्हणून.

मी रडले नाही. मला किळस आली. डब्यातल्या घाणीची नाही. मी नर्स आहे, त्याहून वाईट रोज धुते.

माई म्हणजे माझ्या घरमालकांच्या आई. घरमालक आपल्याच धाराशिव जिल्ह्यातले, वाशी तालुक्यातल्या मोठ्या जमीनदार घरातले. मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. इथं येऊन बरीच वर्षं झालेली, नागरिकत्वही घेतलेलं. सगळी मराठी मंडळी त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादा. त्यांची बायको वहिनी. दुमजली घर, पुढं बाग, आणि तळघरात एक खोली. ती खोली मी भाड्यानं घेतली होती.

ती खोली माझ्यासाठी काय होती ते सांगितलंच पाहिजे. या देशात नर्सला नोकरी मिळते, घर मिळत नाही. फोनवर नाव सांगितलं की पलीकडचा आवाज थंड होतो, आणि खोली नेमकी कालच गेलेली असते. पत्ता नाही तर राहण्याचा परवाना नाही, परवाना नाही तर नोकरी नाही. इस्पितळाच्या वसतिगृहातली माझी मुदत संपत आली होती. तेव्हा मराठी मंडळाच्या दिवाळीत दादा भेटले. म्हणाले, "आपल्या जिल्ह्याची मुलगी आहेस. आमच्याकडे राहा." मला वाटलं, देव भेटला.

थंडी सुरू झाल्यावर माई वाशीहून आल्या. लेकाकडं सहा महिने राहायला. नऊवारी, वर जाड स्वेटर, पायात मोजे आणि मोज्यांवर चप्पल. गळ्यात कवड्यांची माळ. सोबत वेताची परडी, कारण त्यांच्या घरात तुळजापूरच्या आईची परडी. शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायचा, मिळालेल्या पिठाची भाकरी करून देवीला दाखवायची आणि मगच जेवायचं. घरात कितीही असलं तरी त्या दिवशी दुसऱ्याच्या दारात हात पसरायचा. माणसाचा ताठा उतरावा म्हणून ही रीत आहे, असं माझी आई सांगायची. आमच्याही घरात परडी आहे. त्याच देवीची.

आता जर्मनीत पाच घरं आणायची कुठून? दादांनी गाडी काढून चार मराठी घरं फिरवली. पाचवं मिळेना. म्हणून माई जिना उतरून माझ्या दारात आल्या. "आईचा जोगवा वाढा गं माय, जोगवा!"

तो आवाज त्या तळघरात ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. आनंदानं. मी धावत पिठाची पिशवी काढली. त्यांच्या पाया पडले. पीठ वाढलं. माईंनी पीठ बोटांत चोळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. "जवारीचं? अगं बया! कोणाची गं तू? गाव कोंचं?"

"सास्तूरच्या पलीकडं, माई," मी म्हणाले आणि गावाचं नाव सांगितलं.

"माझी धाकटी बहीण दिलीया त्या गावात! नव्या गावठाणात कुठल्या अंगाला घर तुमचं?"

"शेवटची ओळ. ओढ्याकडची."

मी सहज बोलले. घरचं कुणी विचारतंय या खुशीत बोलले. आमच्याकडच्या माणसालाच कळेल असं उत्तर मी दिलं होतं. भूकंपात आमचं जुनं गाव पडलं. सरकारनं नवी जागा दिली, सरळ रेघा आखल्या, सगळ्यांना सारखी घरं बांधून दिली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण गावात हे सगळ्यांना पाठ आहे. मेलेल्यांचं सुतक फिटत नाही तोवर गावातल्या जाणत्यांनी साहेबांना बजावलं, आमच्या ओळीत ती घरं नकोत. झालं. मांगवाडा ओढ्याकडं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा. त्यामुळं आमच्याकडं आडनाव विचारावं लागत नाही. ओळ विचारली की पुरे.

माईंचा चेहरा बंद झाला. "बरं," एवढंच म्हणाल्या. जिना चढून गेल्या.

मग डबा. डब्यातलं पीठ. मी झाकण लावलं आणि खोलीत परत आले. माझ्या खोलीला एकच खिडकी होती, जमिनीच्या पातळीला. तिच्यातून रस्त्यावरचे फक्त पाय दिसायचे. त्या खिडकीतून मला माईंचे मोजे आणि चप्पल दिसली. शेजारच्या फाटकाकडं चाललेली. सोबत वहिनींचे बूट.

शेजारी एक जर्मन बाई राहायची. निवडणूक जवळ आलेली, आणि तिच्या बागेत त्या पक्षाची पाटी होती. कोणता पक्ष ते सांगायची गरज नाही. परदेशी माणसं हाकला, हा ज्याचा पहिला आणि शेवटचा मुद्दा. पुढचं मला नंतर कळलं: वहिनींनी तिला समजावलं, आमच्याकडची गोड रीत आहे, दारोदार जाऊन पीठ मागतात. बाईला मोठी गंमत वाटली. तिनं मैद्याचा पुडा आणला, परडीत मैदा ओतला, माईंचा फोटो काढला. माई म्हणाल्या, "उदो गं आई उदो."

पाचवं घर झालं. गाय खाणारी, देवी न मानणारी, आम्हा सगळ्यांना हाकला म्हणणारी बाई पाचव्या घराला चालली. त्याच देवीची परडी घरात असलेली मी चालले नाही.

लहानपणी मी आईच्या पदराला धरून शुक्रवारी जोगव्याला जायची. वरच्या ओळीतल्या बाया पीठ उंचावरून सोडायच्या. सूप परडीला लागू नये म्हणून. पीठ उडायचं, आईच्या डोळ्यांत जायचं. आई डोळे चोळत म्हणायची, "उदो." मी विचारलं होतं, खाली वाकून का घालत नाहीत? आई म्हणाली, "देवीच्या नावानं पडतंय न्हवं, मग कसं बी पडू दे." तेव्हापासून मला त्या 'कसं बी'चा राग आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी खाली आल्या. हातात चहा, कागदी कपात. याआधी चिनी मातीच्या कपात असायचा. म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस हं. जुनी माणसं. आम्ही काही मानत नाही." मग कपाकडं माझी नजर गेलेली बघून म्हणाल्या, "तू इस्पितळातून येतेस ना, जंतूबिंतू असतात. माई म्हाताऱ्या आहेत." आणि जाता जाता, "शुक्रवारी मागच्या पायऱ्यांनी ये-जा केलीस तर बरं होईल."

मी हो म्हणाले. चहा मोरीत ओतला आणि हो म्हणाले. खोली हवी होती. बाहेर बर्फ होता आणि निवडणूक होती.

ती निवडणूक तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. आम्ही अंगावर पाहिली. दिव्याच्या खांबांवर पाट्या. बसमध्ये शेजारची जागा रिकामी. बेकरीत रांगेत उभं असताना मागून कुणीतरी हळूच काहीतरी बोलायचं आणि आपण ऐकलं नाही असं दाखवायचं. माझ्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात झटकला. म्हणाला, "काळ्या हाताचं नको." आमची हेड नर्स आयलिन. तिचे आईबाप तुर्कस्तानातून आलेले, ती इथंच जन्मलेली. ती पलंगाजवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "इथं हात निवडून मिळत नाहीत. हिच्याकडून ड्रेसिंग करून घ्या, नाहीतर सही करून घरी जा." म्हाताऱ्यानं हात पुढं केला.

मी ड्रेसिंग केलं. पण मन त्यात नव्हतं. या बाईला माझं गाव माहीत नाही, ओळ माहीत नाही, आणि ती माझ्यासाठी उभी राहिली. आणि वरच्या मजल्यावरची माझ्या जिल्ह्याची माणसं मला मागच्या पायऱ्या दाखवत होती. आजवर मी ज्याला 'जुनी माणसं' म्हणून सोडून देत होते, ते आणि हे एकच होतं. म्हाताऱ्यानं ते तोंडावर बोललं, एवढाच फरक.

दादांनी मत कुणाला दिलं? त्याच पक्षाला. लपवूनही नाही. मला गॅरेजपाशी भेटले तेव्हा हसून म्हणाले, "घाबरू नकोस. ते आपल्याबद्दल नाहीच आहे. ते फुकट खाणाऱ्या निर्वासितांबद्दल आहे. आपण टॅक्स भरतो. घाण साफ करायलाच पाहिजे ना कुणीतरी."

घाण. हा शब्द आमच्या घरात कुणी परक्यानं उच्चारला की आम्ही चौघंही आपोआप मागं सरकायचो. मी पुन्हा सरकले. 'हो दादा' म्हणाले. आजही ते आठवलं की तोंड कडू होतं.

निकाल लागला. त्या पक्षाचं सरकार आलं नाही, पण मतं ओंजळी भरभरून मिळाली. वर दादांच्या टीव्हीवरून टाळ्यांचा आवाज येत होता. गल्लीत लोकांच्या मनात जे होतं ते आता ओठांवर आलं. चोरून बोलणारे मोठ्यानं बोलू लागले.

पुढच्या शुक्रवारी माई परडी घेऊन शेजारच्या फाटकात गेल्या. चार घरं झाली होती, पाचवं हे ठरलेलंच. मी खिडकीतून मोजे आणि चप्पल बघत होते. बाईचे जाड तळाचे बूट आले आणि फाटकाशी थांबले. "इथं भीक मागायची नाही. आपल्या देशात जाऊन मागा."

माईंना भाषा कळेना. त्यांनी परडी आणखी पुढं केली असणार. खाड्कन आवाज आला आणि चार घरांचं पीठ बर्फावर सांडलं. परडी घरंगळत माझ्या खिडकीपर्यंत आली. तेवढ्यात दादा गाडीतून उतरून धावत आले. त्यांचे बूट दिसले, चकचकीत. ते जर्मनमध्ये म्हणाले, "मी इथला नागरिक आहे. मी तुमच्याच पक्षाला मत दिलंय."

बाई हसली. "मग आता तुम्हीसुद्धा सामान बांधा," म्हणाली. फाटक लागलं.

माई घसरून बसल्या होत्या. मी बाहेर पळाले. दुखापत झाली की आधी हात पुढं जातो, डोकं नंतर चालतं, हे माझं काम आहे. मनगट सुजलं होतं. मी म्हणाले, "माई, हलू नका. माझा हात धरा."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. बर्फात बसलेली, थंडीनं ओठ निळे पडलेली म्हातारी. मग मान वळवून लेकाला हाक मारली. "अरे, तू ये. तू उचल मला. हिला नगं म्हण."

तिथं माझ्यातलं काहीतरी संपलं. दया संपली. मी हात मागं घेतला, उभी राहिले, आणि दादांना म्हणाले, "मनगट मोडलं असेल. इस्पितळात न्या." आणि पुढच्या दारानं, हो, शुक्रवार असून पुढच्या दारानं आत गेले.

रविवारी दादांकडं मंडळाची बैठक बसली. मलाही बोलावणं. गालिच्यावर माणसं, माई खुर्चीत, हात प्लॅस्टरमध्ये. दादांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "अहो, म्हारामांगासारखं वागवलं हो माझ्या आईला!"

सगळ्यांनी च्च च्च केलं. एकालाही खटकलं नाही. मी दारापाशी उभी होते. हातात कागदी कप.

मग दादा माझ्याकडं वळले. नगरपालिकेच्या सभागृहात लोकांची सभा होती, वाढत्या द्वेषाबद्दल. मंडळातर्फे कुणीतरी बोलायचं होतं. "तू बोल," दादा म्हणाले. "तू नर्स आहेस, यांना नर्सची किंमत आहे. तुझं जर्मनही छान आहे. सांग, आमच्या संस्कृतीत श्रीमंत माणूससुद्धा देवीसाठी कुणाच्याही दारात हात पसरतो. उच्च नाही, नीच नाही. आम्ही असे लोक आहोत, हे सांग."

मी कागदी कप खाली ठेवला.

मी म्हणाले, "सांगते. शेजारणीनं परडीतलं पीठ बर्फावर सांडलं, ते सांगते. आणि माईंनी माझं पीठ परडीतून काढून कचऱ्यात टाकलं, तेही सांगते. एक सांगून दुसरं गिळणार नाही."

माई म्हणाल्या, "देवाधर्माचं असतंय ते. तुला न्हाय कळायचं."

"मला कळतं, माई. आमच्या घरात पण परडी हाय," मी म्हणाले. घरच्या बोलीत बोलले. मुद्दाम.

दादांचा आवाज खाली आला. "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणार? या लोकांसमोर? आत्ता, अशा वेळी?" आणि मग खरं वाक्य आलं. "तू कुठं राहतेस ते विसरू नकोस."

"नाही विसरले. खोली सोडते," मी म्हणाले.

पत्ता जाणार, परवाना अडणार, कदाचित परत जावं लागणार. सगळं डोक्यात होतं. भीती होती, खोटं कशाला बोलू? पण त्या भीतीपायी त्या घरात आणखी एक दिवस काढायचा तर माझीच मला किळस आली असती. सामान बांधलं. इस्पितळात आयलिनला सांगितलं. तिनं लगेच तिच्या मावशीला फोन लावला. मावशीच्या घरी माळ्यावर एक खोली होती. पत्ता झाला.

सभेला मी गेले. मंडळातर्फे नाही, माझी मी. दोन्ही गोष्टी सांगितल्या, ठरल्याप्रमाणे. माझं जर्मन दोनदा अडखळलं. बोलून झाल्यावर मागून एक गृहस्थ उठले. चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, "म्हणजे तुम्ही लोक तर आमच्याहून वाईट!" काही जण हसले.

मी म्हणाले, "हसू नका. म्हातारी बर्फात पडली तेव्हा तुमच्या गल्लीतली एक खिडकी उघडली नाही. मी माझ्या माणसांची तक्रार तुमच्याकडं न्याय मागायला आणलेली नाही. तुम्ही दोघंही माझ्यासाठी एकाच रांगेत आहात, एवढंच सांगायला आलेय."

दुसऱ्या दिवशी दादांचा फोन. "माकडाच्या हातात कोलीत दिलंस तू. आपल्याच माणसांना उघडं पाडलंस." मराठी मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. घरी आईला कुठून तरी कळलं. ती रडली. "परमुलखात कशाला गं तोंड उघडलंस? गप ऱ्हायचं की." तिच्या वाट्याला गप्प राहण्यावाचून दुसरं काही आलंच नव्हतं.

मग वहिनींचा फोन आला. माईंचा हात बरा होईना. आंघोळ घालायला येणाऱ्या जर्मन बाईचं माईंशी पटेना, भाषा कळेना. वहिनी गोड बोलत होत्या. "झालं गेलं विसरून जा. तू ये ना संध्याकाळी थोडा वेळ. आपलं माणूस ते आपलं माणूस. माई पण आता हो म्हणाल्यात."

आता हो म्हणाल्यात! हात मोडल्यावर माझा हात शुद्ध झाला.

मी म्हणाले, "नाही."

"अगं, म्हातारं माणूस आहे."

"वहिनी, माई माझ्या वॉर्डात आल्या तर मी त्यांना धुवीन, पुसीन, भरवीन. दुसऱ्या कुठल्याही पेशंटसारखं. तुमच्या घरी मी पाऊल टाकणार नाही." आणि फोन ठेवला.

मी भारतात परत येणार नाही. शेजारणीच्या सांगण्यावरून तर नाहीच. दादांच्या सोयीसाठीही नाही. मी इथं राहणार, इथलं नागरिकत्व घेणार, आणि पुढच्या निवडणुकीत त्या बाईच्या विरोधात मत देणार. ते मत दादांच्याही विरोधात असेल. तोवर मी कुणाच्या वतीनं बोलणार नाही, आणि माझ्या वतीनं कुणी तोंड उघडलं की भरसभेत उठून सांगणार, हा माणूस खोटं बोलतोय.